पऱ्हाटीतलं विष आणि पोटाचा हुकूम

२०१७ सालचा पोळा झाला आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एकाच तऱ्हेच्या रोग्यांची रीघ लागली. शेतमजूर, सालदार, दोन-चार एकरांचे शेतकरी. डोळ्यांना अंधुक दिसतं, काहींना दिसतच नाही. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम. पोटात कळा, ओकाऱ्या, जुलाब. सप्टेंबरभर ही रीघ वाढत गेली. हंगाम संपेपर्यंत जिल्ह्यात शेकडो माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि वीसहून अधिक दगावली.

विदर्भात कीटकनाशकाची बाधा झालेला शेतकरी दवाखान्यात आला की पहिला संशय ठरलेला असतो: यानं औषध प्राशन केलं असावं. आत्महत्यांच्या बातम्यांनी यवतमाळला त्याची इतकी सवय लावली होती. पण ही माणसं काही प्यायली नव्हती. सकाळी भाकर खाऊन ती वावरात गेली होती, दिवसभर पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी केली होती आणि संध्याकाळी घरी येऊन आडवी झाली होती. पोटात विषाचा थेंब गेला नव्हता, तरी पोट पिळवटून निघत होतं.

या कोड्याचं उत्तर यवतमाळमध्ये सुरू होत नाही. पोटाला हलायला कोण सांगतं, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडला आहे आणि प्रयोग सुरू झाल्यावरही त्याचं उत्तर सापडायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. उत्तर सापडलं, आणि लगेचच त्याच उत्तरावर घाव घालणारं विष तयार झालं. तेच विष पुढं आपल्या पऱ्हाटीत आलं.

आपल्याकडं चरकसंहितेत ग्रहणीची कल्पना आहे. न पचलेलं अन्न धरून ठेवायचं आणि पचलेलं पुढं सोडायचं, हे तिचं काम. अग्नीला फुंकर घालून अन्न पुढं ढकलणारा तो समान वायू. यंत्राचा तपशील त्यात नाही, पण धरणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं त्या वैद्यांनी नेमकं हेरलं होतं. युरोपात मात्र अठराव्या शतकापर्यंत वाद चालू होता की जठर अन्न दळतं, आंबवतं की शिजवतं. १७५२ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाळलेल्या घारीला जाळी लावलेल्या धातूच्या नळ्यांतून मांस गिळायला लावलं. नळीमुळं मांस दळलं जाणं शक्य नव्हतं, तरी ते विरघळलं. इटलीच्या स्पालांझानीनं पुढं जाऊन कापडाच्या पिशव्या स्वतःच गिळल्या. पोटात रस आहे हे ठरलं. पण पोट हलतं कसं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. जिवंत माणसाच्या पोटात डोकवायचं तरी कसं?

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात, चुकून एक बंदूक सुटली. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कॅनडियन नावाड्याच्या डाव्या छातीखाली छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावून आला. त्याला वाटलं, हा काही वाचणार नाही. सेंट मार्टिन जगला, पण जखम कधी बुजलीच नाही. जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटून बरी झाली आणि पोटाला कायमची खिडकी पडली.

१ ऑगस्ट १८२५ ला दुपारी बोमाँटनं मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमाच्या दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. तासाभरानं दोरा ओढला तर कोबी आणि पाव अर्धे पचले होते, मांस जवळजवळ जसंच्या तसं होतं. पुढची काही वर्षं हेच चाललं. थर्मामीटर आत घातला की जठर त्याचं टोक पकडून खालच्या तोंडाकडं ओढत नेतं आणि पिळवटत फिरवतं, हे त्यानं हातानं अनुभवलं. सेंट मार्टिन रागावला की पचन बिघडतं, हेही त्यानं नोंदवलं. अर्थात त्याला रागवायला कारणं होती. घरापासून शेकडो कोस दूर, वर्षाला दीडशे डॉलरच्या करारावर, पोटातून दोरे ओढून घेत राहायचं. तो दोन-तीनदा पळून गेला, यात मला नवल वाटत नाही. १८३३ मध्ये बोमाँटचं पुस्तक निघालं आणि त्याचं नाव झालं. सेंट मार्टिन १८८० मध्ये क्विबेकमध्ये वारला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत मागू नये म्हणून घरच्यांनी ते उन्हात कुजू दिलं आणि आठ फूट खोल पुरलं. विज्ञानाच्या इतिहासात मजुराचं नाव क्वचितच राहतं. हे राहिलं ते भोकामुळं.

बोमाँटनं आपले काही प्रयोग मिसिसिपीच्या काठी प्रेअरी दु शीन नावाच्या गावातल्या किल्ल्यावर केले होते. १८७१ मध्ये त्याच गावात वॉल्टर कॅनन जन्माला आला. हा योगायोगच, पण इतका नीट बसलेला की कादंबरीत कुणी लिहिला तर संपादक कापून टाकील.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. वर्षभरानं, डिसेंबर १८९६ मध्ये, हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या कॅननला त्याच्या गुरुजींनी सुचवलं की या किरणांनी गिळणं दिसतं का बघ. त्यानं कुत्र्याला मोत्याचं बटण गिळायला लावलं आणि पडद्यावर त्याची सावली घशातून खाली सरकताना पाहिली. मग मांजरं आली. अन्नात बिस्मथ मिसळलं की ते पडद्यावर काळं दिसायचं, आणि त्यासोबत जठराचा आकारही. कॅनन तासन्‌तास बसून पातळ कागदावर त्या सावल्या रेखाटत राहिला. १८९८ मध्ये त्याचा शोधनिबंध छापून आला.

त्यानं जे पाहिलं ते आजही मुळात तसंच शिकवतात. जठराचा वरचा भाग म्हणजे कोठार. अन्न आलं की तो सैल होतो आणि जागा करून देतो, म्हणूनच पंगतीत चार पुरणपोळ्या खाल्ल्या तरी पोट फुटत नाही. हालचाल सुरू होते मध्यापासून. तिथून लाटा उठतात आणि खालच्या तोंडाकडं जातात. माणसात साधारण मिनिटाला तीन. खालच्या तोंडाशी एक दार आहे आणि ते अगदी किलकिलं उघडतं. एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलं अन्न पुढं सुटतं, जाडं परत मागं फेकलं जातं आणि पुन्हा घुसळलं जातं. पाणी आणि ताक लवकर निसटतं. भाकरी त्यापाठोपाठ, डाळ आणि मांस त्याहून सावकाश, आणि तूप-तेल सगळ्यांत शेवटी. शेतावर जाणारा माणूस सकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर तेलाची धार घातलेला ठेचा खातो, ती न्याहारी दुपारपर्यंत टिकते. त्यामागं हाच हिशेब आहे.

पण कॅननची खरी पकड दुसऱ्याच गोष्टीवर बसली. एखादं मांजर बिथरलं, धडपडू लागलं, की पडद्यावरच्या लाटा एकदम थांबायच्या. त्याला थोपटलं, ते शांत होऊन गुरगुरू लागलं की थोड्या वेळानं लाटा परत सुरू. भीतीनं पोटात गोळा येतो हे आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे, पण तो गोळा पडद्यावर पाहणारा पहिला माणूस कॅनन. त्याची किंमतही त्यानं मोजली. त्या काळी क्ष-किरणांपासून बचाव कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या कातडीवर त्या किरणांचे परिणाम पुढं आयुष्यभर राहिले.

म्हणजे पोटाला कुठून तरी हुकूम येतो, आणि तो थांबवताही येतो. हुकूम आणणारा दूत कोण याचाही अंदाज होता: मेंदूतून निघून मान, छाती, हृदय असं करत पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटक्या. रशियात पाव्हलॉवनं दाखवलं होतं की याच भटक्याच्या सांगण्यावरून जठरात रस सुटतो. आता एकच गाठ उरली. मज्जातंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो, तिथं हुकूम पोहोचतो कसा? विजेसारखा उडी मारून, की काही पदार्थ मध्ये पडतो?

१९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवीनं ही गाठ सोडवली. प्रयोगाची युक्ती त्याला झोपेत सुचली, असं तो पुढं सांगायचा. दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याचा व्हेगस चेतवला, ते हृदय मंदावलं. त्याच्यातलं पाणी काढून दुसऱ्या हृदयात घातलं. त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे हुकूम पाण्यातून आला. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन निघाला. लंडनमध्ये हेन्री डेलनं त्याचे गुण आधीच तपासले होते. गंमत अशी की हा पदार्थ हृदयाला ‘हळू’ सांगतो आणि पोटाला ‘चल’. जठराच्या लाटा त्यानं जोमदार होतात, आतडी धावू लागतात, लाळ सुटते, डोळ्याची बाहुली आकसते.

लोवीनं आणखी एक गोष्ट दाखवली, जी आपल्या कथेसाठी जास्त महत्त्वाची. हुकूम देऊन झाला की हा पदार्थ शरीर लगेच मोडून टाकतं. त्यासाठी एक विकर असतं, कोलीनएस्टरेज. ते नसेल तर हुकूम संपतच नाही.

डेल आणि लोवी यांना १९३६ चं नोबेल मिळालं. १० डिसेंबरला स्टॉकहोममध्ये समारंभ झाला. आणि त्याच डिसेंबरमध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारणारं नवं औषध शोधत होता. पिकांची नासाडी थांबवायची, अन्नाची आयात कमी करायची, एवढाच हेतू होता. फॉस्फरसची संयुगं एकामागून एक बनवताना त्याला एक असं सापडलं की थोड्याच दिवसांत तो आणि त्याचा सहकारी स्वतःच आजारी पडले. बाहुल्या आकसल्या, दिसेना, श्वास कोंडला. त्या संयुगानं कोलीनएस्टरेजला जखडून टाकलं होतं. जर्मन लष्करानं ते उचललं, टाबुन हा युद्धवायू तोच. त्याच्याच कुळातली सौम्य भावंडं शेतीत आली. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात ती ही औषधं. किड्याच्या मज्जासंस्थेतही तोच पदार्थ आणि तेच विकर असतं, म्हणून किडा मरतो. माणूस वाचतो तो मुख्यतः मात्रेवर. लोवीचं पुढं काय झालं? १९३८ मध्ये नाझींनी या ज्यू शास्त्रज्ञाला अटक केली आणि नोबेलची रक्कम त्यांच्या हवाली केल्यावरच देश सोडू दिलं.

भारतानं या कुळाचा पहिला मोठा तडाखा १९५८ मध्ये खाल्ला, तोही थेट पोटातून. केरळला येणाऱ्या जहाजात धान्यमालाशेजारी पॅराथिऑनचे डबे होते. ते गळले, विष खाण्याच्या मालात उतरलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली. चौकशी झाली आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण छापणं सक्तीचं झालं. लाल सर्वांत घातक. त्रिकोण मोठा असतो. त्याखालची सूचना मात्र एवढ्या बारीक अक्षरात असते की वावराच्या धुऱ्यावर उभ्या माणसाला ती वाचता येणं अवघड.

यवतमाळ कापसाचा जिल्हा, तोही बहुतांशी कोरडवाहू. २००२ मध्ये देशात बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, चार वर्षांनी दोन जनुकांचं बियाणं आलं. बोंडअळी हटली, फवारण्या घटल्या, वऱ्हाडात काही वर्षं बरी गेली. मग तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे या रसशोषक किडी वाढल्या, कारण बीटीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. आणि मागाहून गुलाबी बोंडअळीनंही बीटीला दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात दोन्ही संकटं एकदम आली.

त्या वर्षी पऱ्हाटी दाट आणि उंच झाली होती, कित्येक वावरांत माणसाच्या डोक्याच्या वर. फवारणी करणारा एरवी पिकावर औषध मारतो. आता तो पिकाच्या आत शिरून, नोझल छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर धरून मारत होता. फवारा पानावर आपटून त्याच्याच अंगावर परतायचा. हवा दमट, ऊन कडक, अंगात घामानं भिजलेला सदरा. ओल्या कातडीतून ही औषधं झपाट्यानं आत जातात. त्यात बॅटरीवर चालणारे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक, अंतर कापायचा वेग जास्त, म्हणून दिवसाकाठी वावरंही जास्त. एका औषधानं किडी मरेनात म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवायची, हा सल्ला कुणी दुकानदार देई, कुणी शेजारी. हातमोजे, मुखवटा, चष्मा कुठंच नव्हते, आणि त्या उकाड्यात ते घालून आठ तास चालायचं कसं, याचं उत्तर ते विकणाऱ्यांकडंही नव्हतं. मजुराचं तर हातावर पोट. डोळे चुरचुरले, मळमळलं म्हणून दुसऱ्या दिवशी घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि रोजच्या थोड्याथोड्या विषानं विकर आधीच खाली आलेलं असायचं.

आता ते कोडं सुटतं. औषध कातडीतून आणि श्वासातून रक्तात गेलं, रक्तातून मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोहोचलं आणि तिथलं कोलीनएस्टरेज बंद पाडलं. व्हेगसनं पोटाला दिलेला हुकूम मग पुसलाच जाईना. जठर आणि आतडी थांबायचं विसरली. अशा रोग्याचं पोट धुऊन काही हाती लागत नाही, कारण पोटात काही नसतंच. कपडे काढून साबणानं अंग धुणं हा पहिला उपाय. आणि दुसरा ॲट्रोपिन. बेलाडोना या युरोपीय झुडपातून हे मिळालं, पण आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही त्याच घराण्यातली द्रव्यं आहेत. धोतरा खाल्लेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, तो बरळतो. हे खेड्यात प्रत्येकाला माहीत असतं. ऑर्गॅनोफॉस्फेटचं विष याच्या बरोबर उलट. म्हणून एक विष दुसऱ्याला अडवतं, मात्र मात्रा हातात धरून, मिनिटामिनिटाला नाडी, छाती आणि बाहुली बघत. पोटाशी स्टेथोस्कोप लावूनही ऐकावं लागतं. ॲट्रोपिन जास्त झालं तर आतड्यांचा आवाज पार बंद होतो.

यवतमाळचा घोळ इतकाच असता तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. पण पंपात काय काय होतं, हे ना रोग्याला नीट सांगता येत होतं ना नातेवाइकांना. नंतर राज्य सरकारनं पाच उत्पादनांच्या विक्रीवर यवतमाळसह पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. त्या यादीत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, ॲसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस होतं, म्हणजे तीन ठिकाणी ऑर्गॅनोफॉस्फेट. बाकी दोन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड आणि डायफेन्थियुरॉन, या कुळातली नव्हेत. त्यांवर ॲट्रोपिन हा उतारा नाही. सगळं एकाच पंपात ढवळलेलं असेल तर रोग्याच्या अंगावर वेगवेगळ्या विषांची लक्षणं एकावर एक चढतात. रक्तातलं कोलीनएस्टरेज मोजता आलं तर निदान एक धागा सुटा करता येतो. ती साधी तपासणी गरजेच्या वेळी हाताशी नव्हती, हीही त्या हंगामानंतर पुढं आलेल्या उणिवांपैकी एक.

ऑक्टोबरमध्ये बातमी जिल्ह्याबाहेर गेली. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या कुटुंबांना दोन लाखांची मदत जाहीर केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. दुकानांवर छापे पडले, परवाने निलंबित झाले. मोठा दोष मात्र फिरून फिरून शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या बेफिकिरीवर येत राहिला. ही मला सर्वांत आळशी कारणमीमांसा वाटते. उंच पऱ्हाटी, चुकलेला सल्ला, दमट भादवा, घराजवळ न मिळणारी तपासणी यांतलं काहीच मजुराच्या हातात नव्हतं. २०२० मध्ये बाधित कुटुंबांच्या वतीनं एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. पुढं बाझलच्या न्यायालयात दावेही गेले. कंपनीनं जबाबदारी नाकारली.

आर्णी, दारव्हा, वणी, घाटंजी या पट्ट्यात आजही फवारणीच्या दिवसांत सरकारी दवाखान्यातल्या एखाद्या खाटेवर असा रोगी असतो. बाहुल्या परत रुंदावतात, छातीतली घरघर ओसरते, नाडी स्थिरावते. दिवसभरात डॉक्टर अधूनमधून येऊन त्याच्या पोटाशी स्टेथोस्कोप लावून उभा राहतो, ॲट्रोपिनमुळं कधी काहीच ऐकू येत नाही. मग केव्हातरी, मिनिटाला तीनच्या संथ चालीनं, जठराचं काम पुन्हा सुरू होतं, आतड्यात गुडगुड उमटते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला सांगतात, आता याला थोडी भाताची पेज द्या.